नाल्याच्या तोंडची अर्धा एकर

मी, बायनाबाई रामाजी दुमाने, वय एकाहत्तर, राहणार कोसमटोला, तालुका आरमोरी, जिल्हा गडचिरोली, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे गेले, पण डोकं ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही असं लिहायची रीत आहे म्हणे. दबाव आहे, पोटच्या पोराचाच आहे, आणि त्याला न जुमानता मी हे सांगते आहे. वकीलबाई दिव्याताईंनी ते उतरवून घेतलं.

१. वैनगंगेच्या काठी, नाल्याच्या तोंडाशी माझी अर्धा एकर जमीन व तीत घर आहे. बापानं मला ती बक्षीसपत्र करून दिली. नवऱ्याची नाही, सासऱ्याची नाही, तेव्हा मुलगा सुनिल याचा तिच्यावर हक्क नाही. शेजारी पुंडलिकसेठनं प्लॉट पाडले आहेत. सुनिल त्याच्याच ऑफिसात बसून ते विकतो. रस्ता काढायला त्यांना माझी जमीन पाहिजे.

२. सदर जमीन निळ्या पूररेषेच्या आत येते. म्हणजे पुरात नदी इथवर चढते, म्हणून बांधकाम करायचं नाही. नियम चांगला आहे, माझी त्याच्याशी दुश्मनी नाही. घराचं जोतं दोन हात उंच करायची परवानगी मागितली, तर साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं. "बाई, रेषेच्या आत हाये, जमणार नाई." मी मुकाट्यानं परत आले. मग त्याच रेषेच्या आत सेठनं मुरूम टाकून नाला बुजवला, भिंत घातली, आणि जमीन उंच झाली म्हणून ती रेषेबाहेर ठरली! माझ्या जोत्याला नियम, सेठच्या भिंतीला नारळ.

३. माझे मालक रामाजी तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागभीडला बहिणीकडे होते. त्यांच्या माघारी नाला बुजला. ते परत निघाले तर नदीला पूर. आम्ही ढिवर, मासेमार लोक, पुरात डोंगा सरळ घाटाला लावत नाही. नाल्याच्या तोंडात वळवतो, तिथं पाणी संथ असतं. पलीकडच्या काठावरून त्यांनी सुनिलला फोन केला, "नाल्यात घालून राह्यलो डोंगा. दोर घेऊन ये." घरात सेठची गिऱ्हाइकं चहाला बसली होती. नाला बुजवला म्हटलं असतं तर म्हातारा फोनवरच बोंबलला असता. सुनिल एवढंच म्हणाला, "हो बाबा, या." मालकांनी पोरावर भरवसा ठेवला. डोंगा भिंतीवर आपटला. तिसऱ्या दिवशी ते खालच्या गावाला सापडले.

पोलिसांना, सोयऱ्यांना, तेरवीला जेवायला आलेल्यांना सुनिलनं एकच सांगितलं, "बाबाचा अंदाज चुकला." अरे, जन्म नदीवर काढलेल्या माणसाचा? जळो तुझी जीभ! त्यांचा अंदाज चुकला नव्हता, हे मी या कागदावर नोंदवून ठेवते.

४. घर व परसू सोडून उरलेली सर्व जमीन मी आमच्या मच्छीमार संस्थेला देते. तिथं डोंगे लावा, जाळी वाळवा. मुरमाची एक पाटीही टाकायची नाही, विकायची नाही. पुराच्या पाण्याला आता तेवढीच वाट उरली आहे, तीही बुजली तर अख्खा मोहल्ला बुडेल. वकीलबाई म्हणतात, न विकण्याची अट कोर्टात टिकेलच असं नाही. टिको न टिको, लिहा म्हटलं. अध्यक्ष लच्छूभाऊ, तुम्ही सेठकडे चहाला जाता हे मला ठाऊक आहे. चहा प्या, सही करू नका.

५. मालकांची जाळी ज्याला विणता येतात त्यानं न्यावीत. शोभेला भिंतीवर टांगणाऱ्यानं हात लावू नये.

६. सुनिल याला काही नाही. चुकून राहिलेलं नाही, समजून-उमजून दिलेलं नाही. माझ्या मातीला त्यानं यावं, खांदा द्यावा, लोक जमतील तेव्हा माझ्याबद्दल चार शब्द मात्र बोलू नये.

७. घर व परसू मी नात रोशनी हिला देते. आधी ते सून रंजीता हिच्या नावानं करणार होते. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असं वकीलबाई घरी येऊन सांगत होत्या, ते ऐकून रंजीता चूल सोडून बाहेर आली.

"आई, मले घर नोका देऊ. मले साक्षीदार करा."

मी म्हटलं, "वो पोरी, नवऱ्याच्या विरोधात उभी राहशीन?"

"बाबाचा फोन आला तवा मी तिथीच चहा गाळून राह्यली होती," ती म्हणाली. "यायनं फोन स्पीकरवर टाकला होता. मले सबन आयकू आलं."

मी तेव्हा घरात नव्हते, कलम तीनमधलं बोलणं मला तिनंच सांगितलं. हे मृत्युपत्र मी वाचून घेतलं, ते बरोबर आहे, आणि खाली सही करते.

ठिकाण : आरमोरी
दिनांक : १२ फेब्रुवारी २०२५

बायनाबाई रामाजी दुमाने

बायनाबाईंनी आमच्यासमोर व आम्ही त्यांच्यासमोर सही केली.

साक्षीदार :
१. जुबेर शेख, शिलाई दुकान, आरमोरी
२. रंजीता सुनिल दुमाने