चौथ्या मजल्यावरून नदी

६ फेब्रुवारी १९९४, रविवार
फटाक्-फटाक्-फटाक्... भातगिरणीच्या पट्ट्याचा आवाज! पहाटे अर्धवट झोपेत अगदी स्पष्ट ऐकला. गिरणी बंद पडून किती वर्षं झाली, आता तर पाडलीसुद्धा. मी तिथला दिवाणजी. तुसाचे ढीग होते तिथे बाग, आमच्या चाळीच्या जागी ही इमारत. फरसबंद घाट, बाकं, दिवे — बदलापुराने असा नदीकाठ कधी पाहिला नव्हता. खिडकीतून सगळं दिसतं. नुसतं दिसतं!

घरांच्या चिठ्ठ्या काढल्या तेव्हा मला तळमजला आला होता. मीच हट्टाने चौथा बदलून घेतला — उठल्या उठल्या नदी दिसावी म्हणून. शाळेत पाठ केलेल्या कवितांनी डोकं फिरवलं, दुसरं काय! दिवाळीत घसरलो, खुबा मोडला. आणि लिफ्टच्या जागी अजून नुसतं भोक.

७, सोमवार
शुक्रवारी बायकोची, भागीरथीची तिथी. ती गेल्यापासून एकदाही चुकलो नाही. तिच्या अस्थी सोडल्या तिथेच पाण्यात उभं राहायचं, तिच्या नावाने तीळ-पाणी सोडायचं.
शशिकांत म्हणाला, "नाना, बाथरूममध्ये करा ना. नळाला तीच नदी येते."
खरं आहे पोराचं. म्हणून तर जास्त लागलं.

८, मंगळवार
बिल्डरचा माणूस येऊन गेला. "लिफ्ट अगले महिने पक्का, काका!" गेल्या महिन्यातही पक्का होता.

९, बुधवार
संध्याकाळी मुलगा-सून मला खुर्चीत बसवून उतरवायला निघाले. पहिल्याच वळणावर खुर्ची अडकली — ना वर, ना खाली! शशिकांत घामाघूम. मीनल हसू दाबत म्हणाली, "नाना, आता एक कविता होऊनच जाऊ दे!" म्हटली. ऐकता ऐकता तिचेच डोळे भरले.
परत वर.

१०, गुरुवार
घाटावर एक बाई पाण्यात पाय सोडून बसलीय. हेवा वाटला तिचा. या वयात!
मीनलने बादली घासून ठेवली. तीळ काढले. विषय संपला.

११, शुक्रवार
दोघं कामावर गेली आणि बेल वाजली. दारात बबन! गिरणीतला हमाल. चाळ पाडायच्या करारावर पहिली सही माझी होती. त्याच्याकडे खोलीचा कागद नव्हता, त्याला घर मिळालं नाही. तेव्हापासून मला बघून तोंड फिरवायचा. आज धापा टाकत आधी पाणी प्यायला.
"आज वैनींची तिथी ना? सकाळपासून घाटावर वाट बघतोय. तुमी आलेच नाय."
भांडं ठेवलं. माझ्याकडे पाठ करून, गुडघ्यांवर हात टेकून वाकला.
"चढा, दिवाणजी. तांदळाची गोण समजतो."