आबांचं शेवटचं गाऱ्हाणं

प्रिय आबा,

तुम्हाला जाऊन चार महिने झाले आणि आज तुम्हालाच पत्र लिहायला बसलेय. कारण तुमची सिस्टर! तुम्हाला बघायला घरी यायची, तीच. म्हणते, "ताई, शेवटच्या महिन्यांत घरी काय काय केलंत ते लिहून द्या. असा नसांचा आजार असलेल्या दुसऱ्या घरांना उपयोग होईल." एक फॉर्मच ठेवून गेली. पण तुमच्याबद्दल लिहायचं तर आधी तुम्हाला विचारायला नको?

त्यात एक रकाना आहे, 'रुग्णाची इच्छा कशी नोंदवली'. काय लिहू? गाऱ्हाणं घालून?

देवळात गाऱ्हाणं घालावं तर तुम्हीच! तुम्ही देवाकडे एकेक मागणं मागायचं आणि सगळ्या गावाने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आजाराने आधी नेमका तो आवाजच नेला. केवढी चिडले होते मी देवावर! तुम्ही मात्र पाटी मागून घेतलीत. पेजेत मीठ कमी पडलं तरी पाटीवर तक्रार!

मग एका रविवारी वाकड्यातिकड्या अक्षरांत वहीचं पान भरलंत आणि मला मोठ्याने वाचायला लावलंत. "बा देवा म्हाराजा, माज्या नाकात नळी नको, गळ्याक भोक नको, मशीन नको. माका माज्या घरातच ऱ्हवांदे." आणि कुडाळहून आलेला दादा, जो नळीसाठी महिनाभर भांडत होता, तोच जन्माच्या सवयीने सगळ्यांत मोठ्याने ओरडला, "व्हय म्हाराजा!"

मग कपाळाला हात. "अरे देवा, ह्यां काय बोललंय मी!"

तुमचे खांदे हलत होते. किती दिवसांनी हसलात, आबा! डॉक्टरांनी ते पान बघून रीतसर कागद केला. तुमची सही, साक्षीदार, सगळं.

मग तो शेवटचा दिवस आला. दुपारी तुम्हाला धाप लागली. दादा रडत म्हणाला, "मी हॉस्पिटलची गाडी बोलवतंय." मी वही पुढे केली. "व्हय म्हणालेलंस मरे, दादा!" तो मटकन खाली बसला आणि तुमचे पाय मांडीवर घेऊन चेपत राहिला. सिस्टरने दिलेलं औषध मी जिभेखाली घातलं. हळूहळू धाप निवली. दिवेलागणीला तुम्ही गेलात, आपल्या खाटेवर, आमच्या दोघांच्या हातांत. खूप रडलो. पण मनात समाधान होतं आबा, अजून आहे.

फक्त दादा ओशाळतो. परवाही म्हणाला, "बाय, तू घट्ट ऱ्हवलंस. मीच डगमगलंय." आणि मी गप्प बसले. का बसले असेन हो?

तुम्हाला सांगते. दादाच्या आधी मीच परसात जाऊन गाडीवाल्याला फोन लावला होता. दोनदा. रेंज नव्हती. म्हणून आत आले आणि वही उचलली.

हे फॉर्ममध्ये लिहीनच. दुसऱ्या घरातल्या लेकीला कळू दे की हात फोनकडे जातोच. पण त्याआधी दादाला सांगेन. आज तो जेवायला येतोय, आजच सांगेन.

तुमचीच,
सुमन