बायोस कोणी मारला?

३ ऑक्टोबर, शुक्रवार

गेला! पंखे फिरतात, पुढचा दिवा लागतो, पडदा मात्र काळा ठिक्कर. दसऱ्याची सुट्टी संपवून डिझाइन रूममध्ये आले, नेहमीसारखी सगळी बटणं दाबली आणि हे. वेल्डिंग फिक्स्चरचं, म्हणजे जोडायचे भाग धरून ठेवणाऱ्या साच्याचं, सगळं काम याच वर्कस्टेशनवर. दिवाळीआधी गिऱ्हाइकाची माणसं ट्रायल बघायला चाकणला येणार. ड्रॉइंग खाली शॉपवर गेली नाहीत तर कापायचं काय, माझं डोकं? बॅकअप आहे तो ऑगस्टपर्यंतचा, आणि हे काम सुरू झालं सप्टेंबरात.

माझ्या हाताखालच्या क्षितिजला विचारलं. तोंड पडलेलं. "मॅडम, बुधवारी पूजेआधी मी बायोस अपडेट लावला होता. कंप्युटर नवीन ग्राफिक्स कार्ड ओळखत नव्हता. तेवढ्यात खालून आरतीला बोलावलं. मध्येच वीज गेली असणार."

आमचे मालक जयदीपशेठ तिथेच उभे होते. शांतपणे म्हणाले, "युपीएस आहे की. वीज जाईल कशी?"

बरोबर आहे. जाईल कशी?

आणि हा पठ्ठ्या आरती झाल्यावर परत वर बघायलाही आला नाही. अर्थात कुणीच येत नाही. खंडेनवमीची पूजा झाली की आमच्या कंपनीत कुणी कशाला हात लावत नाही – पेढ्यांचा बॉक्स घ्यायचा आणि घर गाठायचं. हे त्याला पक्कं ठाऊक. म्हणजे वेळ कशी साधली बघा!

४ ऑक्टोबर

सदाशिव रात्री जेवताना म्हणाले, "बायोस म्हणजे असतं तरी काय?" सांगितलं – कंप्युटर उठल्या उठल्या पहिलं जे वाचतो ते. ते अर्धवट लिहिलं गेलं की तो उठतच नाही. "म्हणजे चहाशिवाय तू," म्हणाले. शाळेत गणित शिकवून शिकवून नवऱ्याला असले विनोद सुचतात.

मला हसू आलं नाही. क्षितिजने महिन्यापूर्वी राजीनामा दिलाय. तळेगावच्या मोठ्या कंपनीत लागलाय, पंधरा तारखेला हजर व्हायचंय. जाताना आमची डिझाइन घेऊन जायची आणि मागे मशीन मारून ठेवायचं – कुणी काय नेलं ते कळायलाच नको. बुधवारी त्याने स्वतःचा पेनड्राइव्ह लावलेला मी पाहिला होता. म्हणे बायोसची फाइल त्यात होती. फाइल केवढी? चिमूटभर. पेनड्राइव्ह केवढा? चौसष्ट जीबीचा!

६ ऑक्टोबर, कोजागिरी

सकाळी कंप्युटर उघडून बोर्डावरचा सेल काढला, अर्धा तास तसाच ठेवला, परत बसवला. पडदा काळाच. मग बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर दिलेला उपाय – फाइलचं नाव बदलायचं, पेनड्राइव्ह मागच्या ठरावीक खाचेत घालायचा, बोर्डावरचं बटण दाबून धरायचं. दिवा तीनदा लुकलुकला आणि विझला. पुन्हा केलं. पुन्हा तीनदा. माझी चेष्टा करत असल्यासारखा.

डिस्क काढून दुसऱ्या कंप्युटरला लावावी, तर दोन डिस्क जोडीने चालतात. त्या बोर्डाशिवाय वाचता येत नाहीत.

दुपारी शेठच्या केबिनमध्ये गेले. मनात होतं ते सगळं बोलले – पेनड्राइव्ह, पूजेची वेळ, तळेगाव. शेठनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "मॅडम, तुमचा संशय सहसा चुकत नाही." खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. इतक्या वर्षांत या माणसाने माझ्या कामाला कधी चांगलं म्हटलं नव्हतं.

मग त्यांनी क्षितिजला बोलावलं. माझ्यासमोरच. "छडा लागेपर्यंत तुझं रिलीव्हिंग लेटर निघणार नाही. तोवर स्टोअरमध्ये बस, वर यायचं नाही." क्षितिज म्हणाला, "सर, तिथे लेटरशिवाय घेत नाहीत." शेठ म्हणाले, "मॅडमना विचार."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. संध्याकाळी सोसायटीत मसाला दूध होतं, मी पेला तसाच ठेवून घरी आले.

७ ऑक्टोबर

पेनड्राइव्ह त्याने आपण होऊन आणून दिला. जो चोर असेल तो आधी पुरावा पुसेल, मग देईल.

८ ऑक्टोबर

उघडला. बायोसची फाइल, भावगीतं आणि एक बायोडाटा – लग्नाचा! नोकरीच्या जागी तळेगावच्या कंपनीचं नाव आधीच लिहून मोकळा. डिझाइनची एकही फाइल नाही. पुसलेल्या फाइली परत आणायचा प्रोग्रॅम चालवला. परत आलं काय, तर आणखी भावगीतं.

मुलगी बघायला कुठेतरी जायचं ठरलं होतं म्हणे. स्टोअरचे साहेबराव सांगत होते. लेटरचं कळल्यावर पुढे ढकललं. हे मला कशाला सांगायचं?

१० ऑक्टोबर

पिंपरीहून शोएब आला, कंप्युटर दुरुस्तीवाला. बोर्डावरच्या एवढ्याशा चिपला चिमटा लावला, वायर लॅपटॉपला जोडली. "मॅडम, बोर्ड मेला नाहीये. अपडेट आधेमधे तुटलंय, बस. साफ करून नवीन लिहितो." मी शेजारी खुर्ची ओढून बसले. हो, काय सांगावं, हाही काही कॉपी करून घेईल! शोएबला ते कळलं असावं. लॅपटॉप माझ्याकडे वळवून ठेवला आणि काम करत राहिला. जरा लाज वाटली.

अखेर पडद्यावर लोगो आला! देवाला हात जोडणार तोच खाली अक्षरं – डिस्क सापडत नाही. शोएबने सगळं उलटंपालटं करून पाहिलं. जोडीचं सेटिंग कसं केलं होतं ते एकालाच माहीत.

गेले खाली स्टोअरमध्ये. क्षितिज नटबोल्टच्या खोक्यांमध्ये स्टुलावर बसला होता. तो तोंड फिरवील असं वाटलं होतं. पण लगेच म्हणाला, "नवीन बायोस लिहिला की डिस्कचं सेटिंग मूळ जागी जातं. स्टोरेजमध्ये जाऊन जोडीने चालवायचं चालू करा. नवीन जोडी बनवू का विचारेल, चुकूनही हो म्हणू नका, सगळं पुसलं जाईल."

हा एवढं सांगायला बांधील नव्हता. गप्प बसला असता तर आम्ही हो म्हटलंच असतं. दोन जिने चढेपर्यंत तेच डोक्यात. तिसऱ्याला वाटलं, एवढं पाठ कसं याला?

११ ऑक्टोबर

उघडला! सगळं जागेवर. फिक्स्चर, ड्रॉइंग, एकूण एक. रडूच आलं. दुपारपर्यंत पहिल्या प्लेटा शॉपवर कापायला गेल्या.

मग आतला लॉग बघितला, कंप्युटर स्वतः ठेवतो त्या नोंदी. बाहेर कुठे काही कॉपी झाल्याची खूण नाही. अपडेट सुरू झाला आणि काही मिनिटांतच वीज एकदम तुटली. टेबलाखालचा युपीएसचा डबा तपासला – ठणठणीत. म्हणजे कुणीतरी हाताने बंद केला. पण त्या वेळी क्षितिज खाली माझ्याच शेजारी होता, आरतीला टाळ्या वाजवत. तेही बेताल. मला चांगलं आठवतंय.

मग मी त्याच्यावर एवढं का उठले? तो जातोय म्हणून. शिकवलं मी, आणि चालला तळेगावला. हे लिहिताना वाईट वाटतंय, पण आहे ते आहे.

शेठना लॉग दाखवला. म्हटलं, क्षितिज नाही, त्याचं लेटर देऊन टाका. फार बघितलंही नाही त्यांनी. "झालं ते झालं मॅडम. मशीन चालू झालं ना? लेटरची घाई नको, दिवाळीनंतर बघू." पंधरा तारखेचं काय, विचारलं. त्यांचा फोन आला.

१३ ऑक्टोबर

पुन्हा विचारलं. शेठ कामात. मग माझा संशय इलेक्ट्रिकच्या कंत्राटदारावर गेला. तो म्हणाला, "मॅडम, मी गावाला होतो, घटस्थापनेपासून." सदाशिव म्हणाले, "आता माझीच पाळी राहिली."

१५ ऑक्टोबर

तळेगाववाले थांबले नाहीत. क्षितिजने राजीनामा मागे घेतला. दुपारी वर येऊन आपल्या जुन्या टेबलावर बसला, "मॅडम, कुठल्या असेंब्लीपासून सुरू करू?" म्हणाला. आवाजात काही नव्हतं. त्याने रागावलेलं मला चाललं असतं.

शेठ मला म्हणाले, "चांगला पोरगा आहे. ट्रायलच्या तोंडावर जायला नको होता. तुमच्यामुळे राहिला."

मला वाटलं माफी मागावी. उद्या मागू.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

शेठचे वडील, अर्जुनअण्णा, आज वर आले. ट्रायल पास झाली म्हणून स्वतः मिठाई घेऊन. मी सहज म्हटलं, अण्णा, खंडेनवमीला कुणी वर आलं होतं का हो?

"म्याच आलो व्हतो की पोरी. फुलं वाहायला. खाली समदी मशिनं थांबवल्याली आन् ह्यो एकटाच राबतोय? त्येला बी इसावा नगं का? टेबलाखालच्या डब्याचं बटान दाबलं, हळदकुकू लावलं. त्याच राती जयदीपला सांगितलं. बिघडलं मंग काय?"

"शेठ काय म्हणाले?"

"तवा हसला. मंग शुक्कीरवारी म्हनला, अण्णा, आता कुनाला बोलू नगा."

क्षितिज मागच्या टेबलावर होता. त्याच्या माऊसची टिकटिक थांबली. मागे वळून बघायचं मला धाडस झालं नाही.