तळघरातल्या बाटल्यांची बुचं सैल करण्यापूर्वी

मी, सेल्मिरा बाकेस, देवाघरी गेलेल्या एदविनो बाकेस यांची बायको, राहणार लिन्हा कापिवारा, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणीही हात धरलेला नसताना, माझ्यामागे काय कुणाचं ते लिहून ठेवते. शाळा तिसरीपर्यंत झाली, तेव्हा अक्षराला हसू नये.

घाई आहे. शनिवारी नात मार्लिझ हिचं लग्न, लग्नाची सगळी बीअर खाली तळघरात, आणि कालपासून बाटल्या फुटतायत. कुणीतरी उतरून एकेक बूच सैल करून, वारा सोडून, परत दोरीनं बांधायला हवं. ते कुणीतरी म्हणजे मी. काचेचा काय भरवसा, म्हणून आधी हे.

घर आणि मागचं मक्याचं रान मुलगा इरिनेऊ याला. छपराची कौलं त्यानंच बदलावीत, मी सांगून थकले.

शिलाई मशीन आणि पिसांची दुलई मार्लिझला. दुलई आज अंगावर घेऊन मी खाली जाणार आहे. भोकं पडली तर तिनं शिवावीत, मशीन दिलंच आहे.

एदविनोची जाड टोपी कुणालाच नाही. ती आत्ता डोक्यावर आहे.

शेजारी आर्निल्दो राशे यानं नेलेली शिडी त्यालाच. मागून मागून माझं तोंड दुखलं. साक्षीदार म्हणून तो समोर बसलाय आणि हे वाचून हसतोय.

थांबा, कान लावून येते.

काही नाही, मांजर होतं.

आता पेला. निळ्या काठाचा, सासूबाईंचा, साखर मापायचा. आलं, लिंबाची साल उकळून केलेली बीअर पिंपात शांत झाली की बाटल्या भरण्याआधी तिला या पेल्यानं साखर द्यायची. त्या साखरेनंच बाटलीत फेस धरतो. कमी पडली तर धुण्याचं पाणी, जास्त झाली तर बाटली फुटते. आणि सासूबाईंचा दंडक असा, की साखर घातली हे तोंडानं बोलायचं नाही. बोललं की दृष्ट लागते.

तो पेला त्यांनी मला दिला, पोटच्या ओलिरियाला नाही. तेव्हापासून दर नाताळात माझ्या या नणंदबाई ग्लास उजेडात धरून म्हणतात, "वहिनी, बीअर छानच. फेस तेवढा माहेरी गेलाय वाटतं."

यंदा माझा गुडघा धरला म्हणून त्या बाटल्या धुवायला आल्या. मी साखर घातली, पेला धुऊन पालथा ठेवला आणि जरा आडवी झाले. काल पहिली बाटली फुटल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"वन्सं, तुम्ही पण घातलीत?"

"मग काय करू? पेला कोरडा ठणठणीत. म्हटलं, वहिनी विसरल्या. लग्नात फिकी बीअर वाढली तर नाव आमच्या आईचं जायचं."

"आणि बोलला नाहीत?"

"तुम्ही बोललात?"

दोघी तिथंच जमिनीवर बसून इतक्या हसलो की मार्लिझ आत येऊन म्हणाली, "ओमा, लग्नाला तरी थोडी ठेवा." (आमच्याकडे आजीला ओमा म्हणतात.)

तर तो पेला माझ्यामागे ओलिरियाला द्यावा. अट एकच. यापुढे साखर घालणारीनं मोठ्यानं सांगावं. दृष्ट लागली तर लागो.

फुटली. ही आणखी एक. आटपायला हवं.

दुसरी साक्षीदार म्हणून सही करायला ओलिरियानं चष्मा चढवला, तर आर्निल्दो म्हणाला, "मावशी, जिला काही मिळतं तिची साक्ष चालत नाही. पेला घ्या, नाहीतर सही करा."

तिनं कागद ओढून पेल्याचं कलम वाचलं. परत वाचलं. मग पेनला टोपण लावलं. "मी सही करत नाही," म्हणाली. "पण वहिनी, आज मरायचं नाही. एवढी बुचं मी एकटी सोडणार नाही." आणि उठून दुसरी दुलई आणायला गेली.

ती परत आली तेव्हा मी पेला फळीवरून काढून तिच्या हातात दिला. आता वरचं पेल्याचं कलम खोडलं आहे. माझ्या मरणातून ओलिरियाला काहीही मिळत नाही, तेव्हा तिची सही चालते. आर्निल्दो डोकं खाजवतोय, खाजवू दे.

सही: सेल्मिरा बाकेस

साक्षीदार: आर्निल्दो राशे (शिडी उद्या आणून देतो, म्हणजे माझीही चालेल)

साक्षीदार: ओलिरिया बाकेस (पेला मिळाला. साखर मी घातली होती.)

लिन्हा कापिवारा, तळघराच्या दाराशी, १४ डिसेंबर १९७८