बसमधून उतरले चौघे, मारायला आले तिघे

दादा,

हायकोर्टाचा निकाल लागला. वकिलांचा फोन अप्पांना आला, अप्पांनी लातूरला काकांना केला, काकांनी अख्ख्या भावकीला. ज्याचा खून झाला त्याला सोडून सगळ्यांना कळलं! म्हटलं, तुला आपणच कळवावं.

नित्या आणि त्याच्या दोन्ही भावांची जन्मठेप कायम राहिली. सागर निर्दोष सुटला.

थांब, लगेच भडकू नकोस. आपल्या घरात डोकं फिरवून घ्यायचा मक्ता माझा आहे.

आधी तुझ्यावरचा राग सांगतो. कंपनीच्या बसमध्ये नित्या सीटवर डबा ठेवून जागा धरायचा. सगळेच धरतात. तू तो डबा उचलून त्याच्या हातात दिलास आणि गुडघे दुखणाऱ्या जाधवकाकांना तिथं बसवलंस. बरोबरच केलंस! पण त्यानंतर नित्या रोज तुला डिवचत होता, बघून घेतो म्हणत होता, हे घरी का नाही बोललास? मी जाऊन राडा केला असता म्हणून? हो, केला असता. मग? निदान तू एकटा तरी नसतास.

त्या दुपारी पहिली शिफ्ट सुटली तेव्हा मी निघोजे फाट्यावर तुला घ्यायला बाइक लावून उभा होतो. बस थांबली. तू उतरलास, तुझ्यामागून नित्या, त्याचे दोघं भाऊ आणि शेवटी सागर. सागर रोज तिथंच उतरायचा, त्याच्या घरच्यांची खोली फाट्यामागेच होती. दोघा भावांनी तुझे हात धरले आणि नित्याने चाकू काढला. मी धावलो. पण माझ्या आधी सागर पोचला. त्याने मागून नित्याला मिठी मारून ओढलं, "सोड रे, मरंल तो!" असं ओरडत. हे मी या डोळ्यांनी पाहिलंय, दादा.

कमलमावशी रस्त्यापलीकडे त्यांच्या चहाच्या टपरीवर होत्या. मध्ये बस. ती हलली तेव्हा त्यांना दिसली एकाच निळ्या युनिफॉर्ममधली चार पोरं आणि मध्ये तू. कोर्टात त्यांनी तेच सांगितलं. खोटं नाही बोलल्या, तुझ्यासाठी रडल्यासुद्धा. पण त्यांच्या "चौघांनी धरलं"वर सरकारी वकिलांनी सगळं उभं केलं. चौघं एकत्र आले, एकत्र तुटून पडले, म्हणजे सामाईक इरादा. मग वार एकाने केला तरी खून चौघांचा.

मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून तिघं सांगितले. पोलिसांच्या कागदावर माझ्या नावाने चौघं होते. त्या दिवशी मी सुन्न होतो, शर्ट तुझ्या रक्ताने भिजलेला. गर्दी चौघं चौघं म्हणत होती, तेच लिहिलं गेलं.

"मग हा चौथा काय करत होता?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"सोडवत होता, साहेब."

"त्याच्या बहिणीशी तुमचे प्रेमसंबंध आहेत. खरं की खोटं?"

"खरं! पण भाऊ माझा गेलाय साहेब, तुमचा नाही!" इतका ओरडलो की जजसाहेबांनी मला दटावलं.

मला फितूर ठरवलं. सख्ख्या भावाच्या खुनात फितूर! चौघांनाही जन्मठेप झाली. कॉलेजात एकजण म्हणाला, "फितूर आला रे." मी त्याचं नाक फोडलं आणि माझं सेकंड इयर तिथंच संपलं. अप्पांनी तर बोलणंच टाकलं. मी समोर बसलेला, ताट समोर, आणि अप्पा आईला म्हणायचे, "विचार त्याला, भाकरी पाहिजे का." तू असतास तर समजावलं असतंस त्यांना. पण तू असतास तर हे झालंच कशाला असतं!

सागरची बहीण, प्राजू, तुला माहीतच होती. "कॉलेजला चाललास की तिच्या स्टॉपला?" तूच चिडवायचास. साक्षीनंतर एक शेवटची भेट, मग मी तिला भेटलोच नाही. फोन नाही, मेसेज नाही. वरच्या कोर्टात कोणी पुन्हा म्हणायला नको की पोरीसाठी बोलला. त्या शेवटच्या भेटीत तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माझा भाऊ आत, तुझा वर, आणि आपण दोघं मध्येच लटकलो की रे." मग ते लोक सांगवीला राहायला गेले. कितीदा माझी बाइक आपोआप सांगवी फाट्यापर्यंत गेली आणि मी परत फिरवली. जीव तुटतो राव!

अपिलात साक्षीदाराला पुन्हा बोलवत नाहीत, खालच्या कोर्टातली साक्ष वाचतात. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो. सागरच्या वकीलबाई म्हणाल्या, "एका बसमधून एका स्टॉपवर उतरले म्हणून इरादा एक? तसं असेल तर अख्खी शिफ्ट आरोपी करावी लागेल." निकालात आलंय, की एकत्र उतरणं हे त्यांचं रोजचंच होतं, इरादा तिघांचा दिसतो, चौथ्याचा नाही. आणि फितूर ठरवला म्हणून साक्षीदाराचा शब्द न् शब्द पुसला जात नाही. सख्खा भाऊ मारेकऱ्याला कशाला वाचवेल?

वकिलांनी हे सगळं अप्पांना मराठीत समजावलं. काल जेवताना ते एकदम म्हणाले, "गणेश." मला! आईकडे न बघता!

"ती पोरगी थांबली का रे अजून?"

मला ठसकाच लागला. "माहीत नाही, अप्पा. विचारलंच नाही."

"कामून? तोंड गेलं का तुझं? कोर्टात तर लई वरडलास म्हणं."

आई हसली, दादा. तू गेल्यापासून पहिल्यांदा, तोंडाला पदर लावून. मग तिघंही रडलो, ते सोड.

उद्या सांगवीला जातोय. ती थांबली असेल, नसेल. दार तोंडावर आपटेल, तर आपटू दे, पुन्हा जाईन. आवाज न चढवता बोलेन. हसू नकोस, जमवेन!

तुला एकच शब्द देतो. दार सागरने उघडलं, तर प्राजूचं नाव काढायच्या आधी मी त्याचे हात हातात घेईन. तुला सोडवायला तो माझ्या आधी धावला होता, आणि आपल्या घरातून त्याला अजून कोणी साधं "बरं केलंस भावा" म्हटलेलं नाही.

तुझाच,
गण्या