परत येण्याचं कारण

८ फेब्रुवारी १९६४, शनिवार

आलं एकदाचं दादाचं पाकीट! व्हिसाचे फॉर्म, त्याचं हमीपत्र, त्याच्या साहेबाचं पत्र, आणि वर चार पानं सूचना — कुठला कागद कुठे टाचायचा इथपर्यंत. अमेरिकेला जाऊन सहा वर्षं झाली, पण हुकूम सोडायची खोड काही गेली नाही. जूनमध्ये कल्पनावहिनीचं बाळंतपण. आई-अप्पांनी मेमध्येच यायचं आणि चांगलं वर्षभर राहायचं.

आईला इंग्रजी येत नाही, तरी तिने एकेक पान उलटून पाहिलं. मग बंगळुरात चांगला डिंक कुठे मिळेल म्हणून माझ्या मागे लागली. लाडू करून न्यायचेत! इतकी खुशीत मी तिला कित्येक दिवसांत पाहिली नव्हती.

आज मी बसवंतांबद्दल घरात सांगणार होते. राहिलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

बसवंत संस्थेच्या वर्कशॉपमधून माझ्याकडे ग्रंथालयात आले. पुस्तक परत करायचं निमित्त. "सांगितलंत?" नाही म्हटलं. "सरी," एवढंच म्हणाले आणि गेले. हे त्यांचं कानडी 'सरी', म्हणजे 'बरं', मला फार झोंबतं. त्यापेक्षा चिडावं माणसाने! दोन वर्षं थांबलेत. निपाणीला त्यांच्या आईने कधीच हो म्हटलंय. अडलंय ते आमच्या घराशी. मुलगा आपल्यातला नाही हे अप्पांना कुठल्या तोंडाने सांगू?

१६ फेब्रुवारी, रविवार

डोकं नुसतं तापलंय.

फॉर्म तपासायला त्रिविक्रम वकील आले होते. आधी आईच्या जन्मतारखेवर अर्धा तास. प्लेग उठला त्या साली, ज्वारी काढणीला आली होती तेव्हा — याची तारीख करायची कशी? शेवटी वकिलांनीच एक ठरवली आणि त्याचं प्रतिज्ञापत्र करायचं म्हणाले.

मग खरी पंचाईत. ही माणसं नक्की परत येतील कशावरून, हे अमेरिकन वकिलातीला पटवावं लागतं. घर भाड्याचं, शेतीवाडी नाही, अप्पा रिटायर झालेले. वकील पेन चावत बसले. तेवढ्यात मी चहा घेऊन गेले. माझ्याकडे पाहून त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"अहो, ही आहे की! लग्नाची मुलगी इथे ठेवून कोण आईबाप तिकडे राहतील? याहून भक्कम पुरावा नाही."

अप्पांनी लगेच निवेदनात लिहिलं — अविवाहित कन्या, वय एकतीस, सर्वस्वी आमच्यावर अवलंबून. अवलंबून! रेशन, रॉकेल, दवाखाना, घरमालकाशी भांडणं — सगळं कोण करतं? पण कप गोळा करून आत आले. आई माझ्याकडे बघत होती.

१९ फेब्रुवारी, बुधवार

निवेदन मीच टाइप केलं, ऑफिस सुटल्यावर. चार प्रती. 'अवलंबून'पाशी कळ इतकी जोरात मारली की कागदाला भोक पडलं. पुन्हा टाइप केलं.

२ मार्च, सोमवार

बसवंतांना राऊरकेल्याच्या पोलाद कारखान्यात नेमणूक मिळाली. एक जुलैला हजर व्हायचंय. अभिनंदन करायचं सोडून मी त्यांना निवेदनाची गोष्ट सांगितली. आधी हसले, मग हसू गेलं.

"म्हणजे त्यांच्या परतीची हमी म्हणून तुम्ही बिनलग्नाचं राहायचं?"

खरंच आहे ते. पण आता तोंड उघडलं तर अप्पा तो कागद फाडतील. खानेसुमारीवाल्याला माघारी बोलावून स्वतःच्या वयातले चार महिने दुरुस्त करून घेणारा माणूस! मुलीचं ठरलंय हे माहीत असून असं निवेदन ते देणार नाहीत. मग व्हिसा कसला, आणि आईचं नातवंड कसलं. आणि गप्प बसले तर वर्षभर मी इथे, बसवंत तिकडे.

थांबाल का, विचारलं. थांबेन म्हणाले, पण लपूनछपून नाही. बोटीत बसायच्या आधी त्यांना सांगा. मी चिडून म्हटलं, बोटीने नाही, विमानाने जाणारेत. तेवढंच सुचलं मला! मूर्ख.

८ मार्च, रविवार

मुलाखतीची तालीम. मी साहेब झाले. टेबलामागे चष्मा लावून बसले. आईला विचारलं, नवऱ्याचं नाव? ती भिंतीकडे बघायला लागली. पुन्हा विचारलं. "कागदावर लिहिलंय की." अगं आई, साहेब तुझ्या तोंडून ऐकणार! पस्तीस वर्षांत घेतलं नाही ते परक्या माणसापुढे कशाला घेऊ, म्हणाली. अप्पा आतल्या खोलीत मोठ्याने हसत होते. शेवटी देवाला नमस्कार करून एकदा घेतलं, आणि लाल होऊन स्वयंपाकघरात पळाली.

परत का येणार, याचं उत्तर मात्र तिने पाठ केलं नाही. ते माझं मला माहीत आहे, म्हणाली.

१५ मार्च

देवीची लस टोचली दोघांना. आईचा दंड भोपळ्याएवढा सुजलाय. अप्पांना काहीच नाही, त्याचाच त्यांना राग.

२२ मार्च, रविवार

बसवंत घरी आले! सुटकेसचं कुलूप बिघडलं होतं. संस्थेत कुणी दुरुस्त करेल का, असं आईनेच मला विचारलं होतं. मी त्यांचं नाव सांगायला नको होतं. दहा मिनिटांचं काम, पण आईने तासभर बसवून घेतलं. शिरा केला. 'स्वल्प', थोडासाच, म्हणाले तर आणखी वाढला. निपाणीला कोण कोण असतं, आईची तब्येत कशी असते, सगळं विचारलं. मी खिडकीपाशी नुसती उभी.

ते गेल्यावर अप्पा म्हणाले, सज्जन मनुष्य. पुढे काहीतरी बोलणार होते, पण पेपर उचलला.

भांडी विसळताना आईने हळूच विचारलं, तुला काही सांगायचंय का? मी नाही म्हटलं. का म्हटलं नाही? आता पश्चात्ताप होतोय. आईशी खोटं बोलले, आणि तेही तिच्याच भल्यासाठी असं मनाला समजावतेय. हे भलं करता करता मला वेड लागेल.

७ एप्रिल, मंगळवार

आई-अप्पांना मद्रासच्या गाडीत बसवून आले. उद्या मुलाखत. व्हिसा मिळू दे. नको मिळू दे. काय वाटतंय ते माझं मलाच कळत नाही. आल्या दिवशी सांगायचं, बास. काय व्हायचं ते होवो.

१० एप्रिल, शुक्रवार

व्हिसा मिळाला — सहा महिन्यांचा. वर्ष मागितलं होतं ना, म्हटलं. अप्पा घरात शिरले ते पेपर घेऊन बसले.

आईने सांगितलं. साहेबाने तिला विचारलं, तुम्ही परत कशासाठी येणार? मराठी जाणणारं तिथे कुणी नव्हतं, म्हणून तिचं उत्तर अप्पांनीच इंग्रजीत सांगायचं होतं. ती म्हणाली, "मार्गशीर्षात मुलीचं लग्न करायचंय. मुलगा निपाणीचा आहे. तिने ठरवलाय, मला पसंत आहे." अप्पा तिच्याकडे बघतच राहिले म्हणे. साहेब थांबलेला. मग त्यांनी शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितला, आणि साहेबाने लग्नाआधी परत येता येईल असे सहाच महिने दिले.

मला रडू आवरेना. तेव्हा पेपराआडून अप्पा म्हणाले, "रविवारी बोलाव त्याला. साहेबासमोर मी सांगून आलोय, आता मला खोटं पाडू नकोस."