हवेतल्या विजेवर आईचं मशीन

आप्पा, आपल्या घरात आता हवेतून वीज येते, असं तुमचा धाकटा म्हणतो. रेडिओच्या लहरी पकडणारं एक खोकं त्यानं आईच्या पलंगाशेजारी ठेवलंय, गच्चीवर तार बांधलीय, आणि आईचं ऑक्सिजनचं मशीन म्हणे त्याच्यावर फुकटात चालतं. परवा मी मोडनिंबहून आले तेव्हा दारातच त्यानं हे सांगितलं आणि माझं डोकं फिरलं. फुकट म्हटलं की मला आधी संशय येतो, ही तुमचीच देणगी. मंद्रूपच्या बाजारात तुम्ही तराजूच्या मागं जाऊन उभे राहायचात आणि मिरचीवाला कितीही चिडला तरी हलत नव्हतात.

शिवाय लहरींचं मला कुणी सांगायला नको. कारखान्यात तुम्ही माग दुरुस्त करायचात, आणि सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरात बसून बिनबॅटरीचा रेडिओ जोडला होतात. गच्चीवरून आलेली एक तार, नळाला बांधलेली दुसरी, आणि कानाला लावायचा एकच इअरफोन. मी ऐकतेय, कुणी बाई लांबून, अगदी बारीक आवाजात बातम्या सांगतेय. मी विचारते, ह्याच्यावर बल्ब लावायचा का? तुम्ही हसत नाही. "कानापुरतं हाय त्यात, दिव्यापुरतं न्हाय," म्हणता, आणि बाहेरच्या खोलीत बल्ब उगाच जळतोय म्हणून आईवर खेकसता.

त्या खेकसण्याचा मला अजून राग आहे. डॉक्टरांनी मशीन दिवसभर चालू ठेवायला सांगितलं होतं, आणि आमची पाठ वळली की आई ते बंद करायची. ओठ निळे पडायचे, तरी म्हणायची, "मीटर पळतंय गं. ह्यांना चालायचं न्हाय." तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि ती तुमच्या धाकानं श्वासात काटकसर करत होती.

अशा आईचा जीव मी त्या खोक्याच्या भरवशावर कशी सोडणार? खरंखोटं बघायला गच्चीवर जाऊन मी तार सोडूनच टाकली, धावत खाली आले, तर मशीन आपलं चालूच. मधल्या खोलीत मीटरचे आकडे झाकतील असं कॅलेंडर टांगलेलं दिसलं, तेही गेल्या वर्षाचं. मग मात्र आईचा डोळा लागल्यावर मी पलंगाखाली वाकले. खोक्यातून एक जाड वायर निघून भिंतीतल्या भोकातून स्वयंपाकघरात गेली होती, आणि तिथं फ्रिजमागच्या सॉकेटमध्ये खोचलेली होती. धाकट्याला दंडाला धरून मी तिथं ओढत आणलं.

"कुणाला फसवतोस रे?"

"हळू बोल की, अक्का. मला ठाऊक हाय, खोकं पोकळ हाय. मोबाईलवर जाहिरात बघून मागवलं, साधा दिवाबी पेटला न्हाय."

"मग फेकून का दिलं नाहीस?"

"आईनं बी ती जाहिरात बघितली हुती. लई खूश झाली, आता बिल न्हाय म्हणून. मी आतनं वायर ओढली आन् गप बसलो. बिल माझ्या मोबाईलवर येतं, तिला काय कळतंय? तवापासनं तिनं मशीन एकदाबी बंद केलं न्हाय, अक्का."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. ज्याला मी आयुष्यभर खुळा समजत आले, त्यानं डॉक्टरांना आणि मला न जमलेलं काम करून दाखवलं होतं.

तेवढ्यात आईनं हाक मारली. जवळ बसवून घेतलं, दाराकडं बघत आवाज खाली आणला. "हे खरंच फुकट हाय का गं? तुझा भाऊ भोळा हाय, कुणीबी त्याला गंडवतंय. तू ह्यांच्यावाणी हायस, तू नीट बघून सांग." तिचं बोट बटणाजवळच होतं. माझ्या तोंडून एक शब्द इकडचा तिकडं झाला असता, तर तिनं ते दाबलं असतं.

"बघितलं मी," मी म्हणाले. "फुकटच हाय. आप्पा असते तर त्यांनीबी चालूच ठेव म्हटलं असतं."

तिनं हात काढून घेतला आणि डोळे मिटले.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, आणि घरात ठेवून तिच्या हाती लागायलाही नको, म्हणून आजच फाडणार आहे. त्याआधी एवढं कबूल करते, आप्पा. खोक्याबद्दल मी खोटं बोलले, ते मला माहीत आहे. तुमच्याबद्दल जे बोलले ते खरं होतं की खोटं, हे मात्र मला अजून सांगता येत नाही.